काळ्या पाषाणाखाली बघायचंय: आधी कॉम्प्युटरवर, की थेट शेतात?

काळा_फत्तर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वर्षभर वाचनमात्र आहे, पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

मी भूभौतिकीवाला. जमिनीवर सेस्मिक सर्व्हे (सुरुंग उडवून खालच्या थरांवरून परतणारा आवाज ऐकायचा) करणाऱ्या एका छोट्या कंत्राटदाराकडे डिझाइन बघतो. म्हणजे जिओफोन (जमिनीची थरथर टिपणारे कान) किती अंतरावर लावायचे, सुरुंग कुठे घ्यायचे, एकेका सुरुंगाचा आवाज किती लांबपर्यंत ऐकायचा, हे कागदावर ठरवून फील्डला द्यायचं. सध्या खानदेशातली एक टू-डी लाइन समोर आहे. वर काळी जमीन, मग मुरूम, मग काळा पाषाण, आणि त्याखाली (असलाच तर) त्याच्याहून जुना, मेसोझोइक काळातला गाळाचा खडक. तेल-वायू मिळायचा असेल तर त्या गाळात.

साहेबांचं म्हणणं, नेहमीचं डिझाइन टाक. २४० चॅनेल (एका वेळी ऐकणाऱ्या जागा), २५ मीटरवर जिओफोन, ५० मीटरवर शॉट (सुरुंग), शॉट मधोमध. दोन्ही बाजूंना ३ किलोमीटर, फोल्ड ६०. वर्षानुवर्षं हेच चालत आलंय, गुजरातेत यावरच तेल सापडलं.

माझं म्हणणं, आधी कॉम्प्युटरवर तिथली जमीन उभी करू. तिच्यात खोटे सुरुंग उडवू, खोट्या जिओफोनना काय ऐकू येतं ते बघू, मग आकडे ठरवू. तीन आठवडे मागितले. उत्तर मिळालं, "व्हिडिओ गेम खेळायला पगार देत नाही."

फील्डवर आयुष्य काढलेले काही जण इथे आहेत म्हणून विचारतो. खरंच उपयोग होतो का? की नुसतं समाधान?

गोट्या_पक्का | सोमवार, रात्री ९:५२

पहिला नंबर! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. कळलं काहीच नाही.

शेवंती | सोमवार, रात्री १०:०५

वाचतेय. फोल्ड म्हणजे काय ते आमच्यासारख्यांना सांगाल का?

काळा_फत्तर | सोमवार, रात्री १०:२०

@शेवंती, जमिनीखालचा एकच बिंदू किती वेगवेगळ्या शॉट-जिओफोन जोड्यांनी पाहिला, तो आकडा. गावात एखादी बातमी साठ जणांकडून ऐकली की त्यातली भर गळून पडते आणि सगळ्यांत सारखं असतं ते उरतं, तसं. हिशोब सोपा आहे. चॅनेल गुणिले जिओफोनचं अंतर, भागिले शॉट-अंतराची दुप्पट. २४० गुणिले २५ भागिले १००, म्हणजे ६०.

माजी_पार्टीचीफ | मंगळवार, सकाळी ६:१५

फत्तर, तुझ्या साहेबांचं एक वाक्य आधी दुरुस्त करतो. अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं ते ट्रॅपच्या (म्हणजे तुझ्या काळ्या पाषाणाच्या) वरच्या गाळात. खंबातच्या खोऱ्यात ट्रॅप हा तळ धरला जातो. तिथे ट्रॅप दिसला की आम्ही पेन्सिल खाली ठेवायचो. तुला जिथे पेन्सिल उचलायची आहे तिथे आम्ही चहाला जायचो. तेव्हा "गुजरातेत चाललं" हा दाखला इथे लागू नाही.

आता तुझ्याबद्दल. मी तीस वर्षं क्रू चालवले. राजस्थानची वाळू, आसामचा चिखल, सौराष्ट्राचा दगड. मॉडेलिंगवाले प्रत्येक दशकात भेटले, दर वेळी नव्या रंगांचं चित्र घेऊन. माझा अनुभव असा की मॉडेल तुम्ही त्यात जे घालता तेच परत देतं. तू पाषाणाखाली गाळ घालशील, कॉम्प्युटर गाळ दाखवील, साहेब खूश, गिऱ्हाईक खूश. जमिनीने यातलं काहीच वाचलेलं नसतं.

कोयनेचं बघ. गोठण्याला संशोधनासाठी ३ किलोमीटरचं भोक पाडलं. १२४७ मीटर बेसॉल्ट, आणि त्याखाली सरळ ग्रॅनाइट-नीस. मधे गाळ नाही. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर भोक घेतलं, तिथे ३३८ मीटर बेसॉल्ट आणि खाली जेमतेम ८ मीटर गाळ. या दोन ठिकाणी तू भोकाआधी मॉडेल केलं असतंस तर काय घातलं असतंस?

त्यापेक्षा एक दिवस लाइनवर जा. एका जागी शॉट, आणि जिओफोन दाट लावून नॉइझ टेस्ट (नको ते आवाज किती येतात त्याची चाचणी) घे. तीन आठवड्यांचं उत्तर तीन तासांत मिळेल.

ह्युस्टनवासी | मंगळवार, सकाळी ७:३०

काकांना दंडवत. तरी असहमत, म्हणजे अर्धा असहमत.

मी याच धंद्याच्या कॉम्प्युटरच्या बाजूला. मॉडेलला "खाली काय आहे?" विचारलं तर तुम्ही म्हणता तेच होतं. विचारायचं असतं ते दुसरंच: "गाळ असलाच, तर या डिझाइनने तो दिसेल का?" उत्तर "नाही" आलं तर ते फार मोलाचं आहे. कारण मग शेतात जाऊन काही दिसलं नाही तरी त्यावरून गाळ नाही असं म्हणता येणार नाही. गोठण्याचा दाखला माझ्याच बाजूचा आहे बघा. गाळाचं एक मॉडेल आणि बिनगाळाचं एक, दोन्ही चालवा. दोन्हींचं रेकॉर्ड सारखंच दिसलं तर ते डिझाइन फेकून द्या.

काळा_फत्तर, एक सावधगिरी. ज्या मॉडेलवरून रेकॉर्ड बनवलं, त्याच मॉडेलचे वेग वापरून पुढे प्रोसेसिंग केलं तर चित्र सुरेखच येणार. स्वतः पेपर काढायचा, स्वतः सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा. शंभरापैकी शंभर. निम्मी सादरीकरणं अशीच असतात (माझी धरून).

अवांतर: जगात या कामाला तयार मॉडेलं आहेत. मार्मूसी नावाचं एक १९८८ चं, अंगोलातल्या खोऱ्यावरून बेतलेलं, त्यावर आमच्या दोन पिढ्या शिकल्या. पुढे सीम (SEAM) या धंद्यातल्या कंपन्यांच्या गटाने खास जमिनीवरच्या कामासाठी वाळवंट आणि डोंगरपायथा अशी मॉडेलं बनवली. आपल्या दख्खनचं तसं सर्वांना खुलं मॉडेल असतं तर किती बरं झालं असतं.

गोट्या_पक्का | मंगळवार, सकाळी ७:४१

आमच्या गावचा पाणाड्या नारळ हातावर उभा धरून चालतो. नारळ आडवा झाला की पाणी. ना चॅनेल, ना फोल्ड. फी एक नारळ (तोच).

सातबारा | मंगळवार, सकाळी ९:१०

आमच्याकडून असा सर्व्हे गेला होता, त्याची आठवण झाली. मी यावल-रावेर पट्ट्यातला, केळी. कोणाची कंपनी होती ते सोडा. सकाळी मोटार चालू करायला गेलो तर ठिबकच्या नळ्यांमधून नारिंगी वायर गेलेली आणि खोडाजवळ दर काही पावलांवर खुंटीसारखं काहीतरी रोवलेलं. विचारलं तर पोरगं म्हणालं, "काका, हे जमिनीचा कान आहे." शब्द आवडला म्हणून काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी त्यांची गाडी बांधावरून गेली, बांध बसला, लॅटरल फुटल्या. पंचनामा झाला, भरपाई आली आठ महिन्यांनी, तीही चार झाडांची कमी.

तर फत्तरभाऊ, तुमच्या कॉम्प्युटरमधल्या जमिनीत केळी आहे का? विहीर आहे का? विहिरीजवळ सुरुंग घेऊ देणार नाही कोणी. मग तुमचं ५० मीटरचं गणित कुठे जातं?

माजी_पार्टीचीफ | मंगळवार, सकाळी ९:३२

सातबाराभाऊ, हे सगळ्यांत खरं बोललात. कागदावरची लाइन सुतासारखी सरळ, शेतातली गोगलगायीसारखी. विहीर आली, सरकवा. देऊळ आलं, सरकवा. हायटेन्शन लाइन, पाझर तलाव, लग्नाचा मांडव. एकदा आम्ही सलग अकरा शॉट सोडले, कारण पुढच्या शेतात सप्ताह बसला होता. वीणा खाली ठेवायची नसते, मग सुरुंग कसा उडवणार?

ह्युस्टनवासी | मंगळवार, सकाळी १०:०२

आणि कॉम्प्युटर रोजच्या रोज कामाला येतो तो नेमका इथेच. उपग्रहाच्या चित्रावर विहिरी, घरं, देवळं, बागा आखून घ्यायच्या, प्रत्येकाभोवती सुरक्षित अंतराचं रिंगण टाकायचं, रिंगणातले शॉट जवळच्या मोकळ्या जागी हलवायचे आणि फोल्डचा नकाशा पुन्हा काढायचा. कुठे भोक पडतंय ते क्रू निघण्याआधी दिसतं. ओम्नी, मेसा असल्या पॅकेजांत हे काही मिनिटांचं काम. फत्तरचे साहेब ज्याला व्हिडिओ गेम म्हणतात ते पुढचं प्रकरण, लहरी जमिनीतून प्रत्यक्ष सोडून बघण्याचं.

शेवंती | मंगळवार, दुपारी २:१५

मी सोनोग्राफी करते (माणसांची). तुमचा काळा पाषाण म्हणजे आमचा पोटातला गॅस. आवाज वरूनच परत फिरतो, मागचं काही दिसत नाही. आम्ही मशीनशी भांडत बसत नाही, खिडकी शोधतो. यकृतातून बघायचं, पेशंटला कुशीवर वळवायचं, पोटातलं खालचं बघायचं तर पाणी पाजून मूत्राशय भरायला लावायचं. आणि खोल बघायचं असेल तर कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब घ्यायचा. तुमच्यात असं असतं का?

काळा_फत्तर | मंगळवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. शेवंतीताई, तुम्ही तर मुद्द्यावरच बोट ठेवलंत. दिवसभर ऑफिसच्या मशीनवर चोरून थोडं चालवलं, ते सांगतो.

मॉडेल एक: १ किलोमीटर जाडीचा एकसंध पाषाण, वेग ५००० मीटर प्रतिसेकंद. खाली ३५०० चा गाळ. चित्र झकास. गाळाचा वरचा माथा दिसतो, तळ दिसतो, साहेबांच्या डिझाइनने सगळं दिसतं.

मॉडेल दोन: पाषाण खरा असतो तसा. लाव्हाचे थर एकावर एक, प्रत्येकाच्या डोक्यावर सच्छिद्र दगड (मांजऱ्या), आणि काही थरांच्या मधे लाल, मऊ मातीचा पट्टा (गेरू). गेरूचा वेग २५०० आणि घनता २.२ धरली, पाषाणाची २.८. एका सीमेवर परावर्तन साधारण ०.४४ येतं. म्हणजे जाऊन-येऊन त्या सीमेतून ८१ टक्के पार होतं, आणि प्रत्येक गेरूला सीमा दोन, म्हणून ६६. असे दहा गेरू धरले तर कागदावर उरतं दीड टक्का. बाकी सगळं थरांमधे ठेचकाळत राहतं आणि उशिरा येऊन नेमकं गाळाच्या जागी बसतं. रेकॉर्डवर खाली पट्टे दिसतात, पण ते वरच्याच थरांचे प्रतिध्वनी.

गेरू असतो एखाद-दोन मीटरचा. १० हर्ट्झची लहर पाषाणात ५०० मीटर लांब. तिला तो गेरू जाणवतच नाही, हत्तीच्या पायाखाली चिंचोका. वरचा हिशोब जाड थराचा, कमी फ्रिक्वेन्सीला तो लागू नाही. म्हणून १० हर्ट्झच्या आसपास गाळाचा माथा अंधूक का होईना, परत दिसायला लागला. आणि सुरुंगापासून ३ किलोमीटरच्या पुढे, ६-७ किलोमीटरवर तो जास्त मोकळा दिसतो, कारण तिथे प्रतिध्वनींची गर्दी वेगळ्या वेळेला येते.

म्हणजे ताईंचा कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब आणि कुशीवर वळवणं, दोन्ही.

गोट्या_पक्का | मंगळवार, रात्री ८:५८

हत्तीच्या पायाखाली चिंचोका!! इथे मला पहिल्यांदा काहीतरी कळलं.

किरण_रेषा | मंगळवार, रात्री १०:३०

रे ट्रेसिंगने (लहरीऐवजी नुसता तिचा किरण आखून) हे सगळं पाच मिनिटांत झालं असतं. वेव्ह इक्वेशन (पूर्ण लहरीचं गणित) कशाला चालवत बसायचं?

ह्युस्टनवासी | बुधवार, सकाळी ७:०५

@किरण_रेषा, नाही. किरण गृहीत धरतो की थर लहरीपेक्षा पुष्कळ जाड आहे. २५ हर्ट्झला पाषाणातली लहर २०० मीटर, लाव्हाचा एकेक थर वीस-तीस मीटर. किरणाला तिथे अर्थच नाही. वाकलेल्या थरांखाली कुठल्या भागावर उजेड पडतो आणि कुठला अंधारात राहतो, हे बघायला किरण उत्तम. इथलं दुखणं ते नाही.

फत्तर, तुझ्या दोन्ही मॉडेलांत एक गोष्ट राहिली. वरची काळी जमीन किती जाड घेतलीस आणि वेग काय?

काळा_फत्तर | बुधवार, सकाळी ९:२०

घेतलीच नाही. पाषाण थेट पृष्ठभागावर. ४०० मीटर प्रतिसेकंदची माती घातली की मशीन बसतं. ४० हर्ट्झपर्यंत जायचं तर मातीतली लहर १० मीटरची, तिला नीट पकडायला निदान पाच चौकोन, म्हणजे २ मीटरची जाळी. २० किलोमीटर लांब आणि ५ खोल छेदाला अडीच कोटी चौकोन. खालचा खडक ६००० चा, त्यामुळे वेळेची पावलं ०.२ मिलिसेकंदाची ठेवावी लागतात. ६ सेकंदांच्या रेकॉर्डला ३० हजार पावलं. गुणाकार ७५ हजार कोटी. आमचं मशीन सेकंदाला दहा कोटी उरकतं. एका शॉटला दोन तास.

माजी_पार्टीचीफ | बुधवार, सकाळी ९:४५

हेच म्हणत होतो! ज्या वरच्या वीस मीटरांनी आम्हाला आयुष्यभर छळलं तेच तुझ्या कॉम्प्युटरला परवडत नाहीत. अरे, सगळा खेळ तिथेच आहे. काळ्या जमिनीत ग्राउंड रोल (खाली न जाता वरच्यावर पसरणारी लहर) असा सुटतो की रेकॉर्डवर बाकी काही उरत नाही. सुरुंग मातीत घेतलास तर ताकद मातीतच मुरते, पाषाणात उतरव मग बघ. माती कुठे ३ मीटर, कुठे १२. तेवढ्या फरकाने आवाज मागेपुढे होतो आणि तुझा अंधूक माथा तिथेच विस्कटतो.

ह्युस्टनवासी | बुधवार, सकाळी १०:१०

काका, शंभर टक्के मान्य. फत्तर, ग्राफिक्स कार्डावर चालव, दोन तासांची काही मिनिटं होतील. आणि सगळे शॉट नकोत, पाच-सहा पुरे. थ्री-डीचा विचार सध्या सोड. तिथे फ्रिक्वेन्सी दुप्पट केली की काम सोळापट होतं.

पण मातीची जाडी कुठून आणणार? अपहोल (मातीची जाडी आणि वेग मोजायला पाडलेलं भोक) दर दोन-तीन किलोमीटरला एखादा असेल.

बोअरवाला_दादा | बुधवार, दुपारी १:३०

मला या धाग्यावर यायचं कारण पाणाड्या. (गोट्याभाऊ, तो नारळ आम्हालाही परिचयाचा आहे. नारळ आडवा झाला की आमची गाडी उभी.)

ते जाडीचं म्हणाल तर मी सांगू का? आमची दोन रिगं आहेत, पारोळा-अमळनेर-चोपडा, तीनही तालुक्यांत पंधरा वर्षं. बोअर घेताना मऊ असेपर्यंत केसिंग टाकावं लागतं, नाहीतर भोक ढासळतं. कडक लागलं की केसिंग थांबवायचं. केसिंगचे पैसे वेगळे, म्हणून बिलावर फूट लिहिलेलेच असतात. "केसिंग ३५ फूट" म्हणजे ३५ फुटांवर दगड. शेतकरी बिल जपून ठेवतो, आणि आमच्याकडे वही आहे. गट नंबरसकट.

पुढे रॉड वीस-वीस फुटांचे. भुकटी करडी आली की पाषाण, पांढरे ठिपके आले की मांजऱ्या, लाल चिखल आला की गेरू. गेरूत पुन्हा भोक बुजायची भीती, म्हणून तोही लक्षात राहतो. वहीत सगळं नाही, पण आमचा ड्रायव्हर झोपेतून उठवला तरी कोणाच्या शेतात गेरू किती रॉडवर लागला ते सांगेल.

ह्युस्टनवासी | बुधवार, दुपारी १:४५

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो आहे. इथे रात्रीचे सव्वातीन वाजलेत.

माजी_पार्टीचीफ | बुधवार, दुपारी २:००

दादा, तुम्ही तीस वर्षं आधी कुठे होतात? आम्ही अपहोलसाठी रिग भाड्याने घ्यायचो ती तुमच्यासारख्यांचीच. भोक झालं की तुम्हाला पैसे देऊन परत पाठवायचो. वही कधी मागितली नाही.

सातबारा | बुधवार, दुपारी २:२०

माझ्या विहिरीच्या कडेला उभं राहिलात तरी सगळं दिसतं की. वर काळी पुरुषभर, मग मुरूम, मग पाषाण, आणि सोळा-सतरा हातांवर हातभर लाल पट्टा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तिथूनच झिरपतं. फुकट दाखवतो, चहासकट. गाडी बांधावर घालू नका एवढंच.

खुसपट_नाना | बुधवार, दुपारी ३:०५

एक शंका. बोअरच्या वह्या शे-दोनशे फुटांच्या, बोअर फार तर पाच-सातशे फूट. पाषाण किलोमीटरभर. मग वही काय कामाची? शिवाय बोअर घेतात पाणी लागेल असं वाटतं तिथे, म्हणजे जमीन जिथे जास्त कुजलेली आहे तिथे. सरासरी फसवी येणार.

काळा_फत्तर | बुधवार, रात्री ९:१५

नाना, दुसरा मुद्दा बिनतोड, टिपून घेतला. पहिल्याचं उत्तर असं की खालच्या थरांना शे-दोनशे फुटांतल्या थरांचा नमुना वापरतो. थर किती जाड, गेरू किती अंतराने. तेच तंतोतंत खाली आहे असं नाही, पण एकसंध दगड घालण्यापेक्षा बरं.

दादांना फोन केला होता (व्यनिबद्दल धन्यवाद). लाइनच्या दोन्ही बाजूंच्या एक-एक किलोमीटर पट्ट्यातले १४० बोअर निघाले. केसिंग ८ फुटांपासून ५५ फुटांपर्यंत. नाल्याकाठी जास्त, बरड्यावर कमी. अपहोल आमच्या बजेटमध्ये होते सात.

खुसपट_नाना | बुधवार, रात्री ९:४०

एकशे चाळीस विरुद्ध सात. खुसपट मागे घेतो (अर्धं).

आरती_पुणे | गुरुवार, सकाळी ११:००

हे सर्व्हे भूकंप आणतात का हो? कोयनेचं नाव वाचून धास्ती वाटली.

माजी_पार्टीचीफ | गुरुवार, सकाळी ११:२५

नाही हो ताई. दोन-चार किलोच्या सुरुंगाने भूकंप येत असते तर दगडखाणींनी महाराष्ट्र कधीच हलवून टाकला असता. कोयनेचा १९६७ च्या डिसेंबरातला भूकंप ६.३ चा होता आणि त्याचा संबंध धरणाच्या जलाशयाशी जोडतात. उलट आमच्यासारखीच कामं कोयनेला अभ्यासासाठी झाली. सत्तरच्या दशकात हैदराबादच्या एनजीआरआय या भूभौतिकी संशोधन संस्थेने केळशी ते लोणी आणि गुहागर ते चोरोची अशा दोन लांब रेषांवर सुरुंग घेऊन कवचाच्या तळापर्यंतचं चित्र काढलं होतं. तेव्हा मॉडेलिंग म्हणजे वेग घालायचे, वेळा काढायच्या, जुळल्या नाहीत की पुन्हा घालायचे.

गोट्या_पक्का | गुरुवार, सकाळी ११:३३

धागा भरकटला नाही हे बघून काळजी वाटू लागली आहे. केळीच्या वेफर्सबद्दल कोणी बोलेल का?

सातबारा | गुरुवार, सकाळी ११:४०

रावेरची केळी वेफर्ससाठी नाही, खाण्यासाठी. वेफर्सची केळी वेगळी.

(पुढचे नऊ प्रतिसाद वेफर्स, नेंद्रन आणि खोबरेल तेल या विषयांवर. संपादकांनी वेगळा धागा काढला आहे.)

काळा_फत्तर | पुढचा मंगळवार, रात्री १०:०५

मंडळी, अपडेट.

घरच्या गेमिंगवाल्या मशीनवर चालवलं. (साहेबांचा व्हिडिओ गेम अक्षरशः खरा ठरला, कार्ड भावाचं आहे.) मातीसकट, वहीतल्या केसिंगच्या जाडीसकट, सहा शॉट. निकाल असे.

ग्राउंड रोल मातीत साधारण ४०० च्या वेगाने जातो. २० हर्ट्झला त्याची लहर २० मीटर. २५ मीटरवर जिओफोन लावले तर तो नीट मोजलाच जात नाही, उलट्या दिशेने जाणाऱ्या दुसऱ्याच लहरीचं सोंग घेतो आणि प्रोसेसिंगमध्ये निघत नाही. १० मीटरवर लावले की २० हर्ट्झपर्यंतचा कसाबसा पकडता येतो आणि कापता येतो. आम्हाला पाषाणाखालचं जे हवंय ते १० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका जिथे ग्राउंड रोल बसलाय तिथेच. २५ मीटरचं डिझाइन तिथे आंधळं आहे.

म्हणून प्रस्ताव असा दिला. जिओफोन १० मीटरवर, दोन्ही बाजूंना ८ किलोमीटर, १६०० चॅनेल. शॉट मात्र १०० मीटरवर. फोल्डचा हिशोब करून बघा: १६०० गुणिले १० भागिले २००, म्हणजे ८०. आधीच्यापेक्षा जास्त, आणि सुरुंगाची भोकं निम्मी. खर्च आहे तो पाषाणात भोक पाडण्याचा. बिनतारी नोडचं (वायर नसलेल्या जिओफोनचं) भाडं त्यापुढे किरकोळ.

साहेबांनी लहरींची चित्रं बघितलीच नाहीत. "भोकं निम्मी" हे वाक्य दोनदा वाचलं.

माजी_पार्टीचीफ | बुधवार, सकाळी ६:०५

शाब्बास. आता माझा शेवटचा खवचटपणा. शॉट १०० मीटरवर नेलेस म्हणजे एकाच जिओफोनकडून बघितलं तर शॉट फार विरळ. त्या बाजूने ग्राउंड रोल पुन्हा सोंग घेणार. ते मॉडेलमध्ये तपासलंस का? आणि त्यातले दहा-पंधरा शॉट विहिरी-देवळांनी खाल्ले की मधे २००-३०० मीटरची भगदाडं.

काळा_फत्तर | बुधवार, सकाळी ८:४०

सहा शॉटांवर ते दिसणारच नाही काका. आज रात्रीपासून पहिल्या पाच किलोमीटरचे सगळे शॉट लावतो, विहिरी वगळून. भावाला सांगितलंय, आठवडाभर गेम बंद.

आणि नॉइझ टेस्ट मंजूर झाली, तुम्ही म्हणाला होतात तीच. एक जागा नाल्याकाठी, ५५ फुटांच्या केसिंगवाल्या बोअरजवळ, आणि एक बरड्यावर. मॉडेलने दोन्हींचं रेकॉर्ड आधीच काढून ठेवलंय. ते छापून सोबत नेणार आहे. जुळलं नाही तर इथे येऊन सांगतो.

बोअरवाला_दादा | बुधवार, सकाळी ९:००

सुरुंगाच्या भोकांना रिग आमचंच घ्या म्हणजे झालं. केसिंगचे पैसे वेगळे.

सातबारा | बुधवार, सकाळी ९:२०

कधी येणार आहात तिकडे? कापूस वेचून होऊ द्या. तुरी मात्र उभ्या असतील, त्यातून वायर नेताना ओळीच्या मधून न्या.